मुलगी इलेक्ट्रिकलला की कॉम्प्युटरला?

इंजिनीअरिंगच्या चौथ्या वर्षाचे इलेक्टिव्हचे फॉर्म भरायचे दिवस आले की माझ्याकडे येणारी पत्रं सगळी एकाच चुलीवरची असतात. या सदराशी नव्यानं ओळख होणाऱ्यांसाठी सांगते. मी वीज पारेषणाच्या टेस्टिंग विभागात ३१ वर्षं रिले, म्हणजे दोष आला की लाइन तोडायला सांगणारी यंत्रं, तपासले. निवृत्तीनंतर दोन कॉलेजांत ‘व्हिजिटिंग’ म्हणून शिकवलं. आता प्रोजेक्टच्या ओरलला ‘एक्सटर्नल’ म्हणून बसते आणि पोरांच्या शिव्या खाते. पत्रं कापून घेतली आहेत, नावं नेहमीसारखी गाळली आहेत.

प्रश्न : ताई, मी सांगलीत इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला जातेय. ‘स्विचगिअर अँड प्रोटेक्शन’ सगळ्यांनाच आहे. इलेक्टिव्हमध्ये इलेक्ट्रिक व्हेइकल, पॉवर क्वालिटी आणि डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी) यांतलं एक निवडायचंय. जवळजवळ सगळ्या वर्गानं ईव्ही घेतलंय, ते स्कोअरिंग आहे म्हणे. डीएसपी घेणाऱ्या आम्ही तिघीच. सर म्हणाले, तिघींसाठी वर्ग चालवायचा का? सीनियर म्हणतात, डीएसपी हा ईएनटीसीवाल्यांचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनवाल्यांचा) विषय, इलेक्ट्रिकलवाल्यांनी त्याचं लोणचं घालायचं का? काय करू?

उत्तर : डीएसपी घे. कारण सांगायला जरा वेळ लागेल, बस.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या टेबलावर सीडीजी नावाचे ओव्हरकरंट रिले यायचे. पुढे काच, आत ॲल्युमिनिअमची चकती. सेटिंगपेक्षा जास्त प्रवाह सोडला की चकती सरकायला लागायची, फिरत फिरत जाऊन कॉन्टॅक्टला टेकायची आणि खटकन फ्लॅग, म्हणजे रिले चालल्याची खूण, पडायचा. आमच्या हातात स्टॉपवॉच. टाइम मल्टिप्लायर १ वर ठेवून सेटिंगच्या दुप्पट प्रवाह दिला तर १० सेकंद, दहापट दिला तर ३ सेकंद. काही बिघडलं तर डोळ्यांना दिसायचं. एकदा चकती अर्ध्या वाटेत अडखळत होती, काच काढून बघितलं तर चुंबकाच्या फटीत कोळ्यानं जाळं विणलेलं.

आजच्या न्यूमेरिकल रिलेत चकती नाही, पण तिची चाल तशीच ठेवलीय. प्रवाह सेटिंगच्या किती पट आहे तो आकडा घे, त्याचा ०.०२ वा घात काढ, त्यातून १ वजा कर आणि ०.१४ ला त्यानं भाग. कॅल्क्युलेटरवर करून बघ. दुपटीला १०.०३ येईल, दहापटीला २.९७. चकती भंगारात गेली आणि तिचा वळसा सूत्रात राहिला.

आता हे सूत्र ज्या आकड्यावर चालतं तो प्रवाहाचा आकडा रिलेला मिळतो कसा? सीटीकडून (करंट ट्रान्सफॉर्मर, मुख्य तारेतला प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून देणारा) आलेला प्रवाह आत आणखी लहान होतो, फिल्टरमधून जातो आणि त्याचे ठरावीक अंतरानं नमुने घेतले जातात. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एका आवर्तनात २० नमुने धर, म्हणजे सेकंदाला १०००. त्या वीस आकड्यांना साइनच्या वीस आकड्यांनी गुणून बेरीज, मग कोसाइनच्या वीस आकड्यांनी गुणून बेरीज. दोन बेरजांतून प्रवाह किती आणि कोणत्या कोनात, दोन्ही निघतं. फूरिए फूरिए म्हणून ज्याला वर्ग घाबरतो ते रिलेच्या पोटात एवढंच आहे.

आणि नमुने घेण्याआधी तो फिल्टर कशाला? सेकंदाला १००० नमुने घेत असशील, तर ९५० हर्ट्झचा प्रवाह त्या नमुन्यांत हुबेहूब ५० हर्ट्झसारखा दिसतो. कागदावर वीस ठिपके काढून बघ, विश्वास बसेल. ९५० म्हणजे पन्नासाची एकोणिसावी पट, आणि मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सहा पल्सच्या ड्राइव्हमधून एकोणिसावी हार्मोनिक निघतेच. तो फिल्टर नसेल तर गिरणीतल्या ड्राइव्हचा कचरा रिले खरा प्रवाह म्हणून मोजेल. आता मला सांग, हा प्रश्न पॉवर क्वालिटीचा, डीएसपीचा की प्रोटेक्शनचा? विषयांच्या भिंती टाइमटेबलमध्ये असतात, पॅनेलमध्ये नसतात.

माझ्याच कामातली गोष्ट सांगते. एका उपकेंद्रात ३३ केव्हीचा एक फीडर रोज संध्याकाळी, शेतीपंप चालू झाले की ट्रिप व्हायचा. लाइनमन तीन रात्री बॅटऱ्या घेऊन लाइन चालले. कुठे फांदी नाही, कुठे फुटका इन्सुलेटर नाही. मी गेले तेव्हा पॅनेलवरचा मीटर ३०० अँपिअर दाखवत होता आणि रिलेचा पडदा ६००. ऑपरेटर म्हणाला, ‘मॅडम, तो रिले पहिल्यापासून तसाच दाखवतो.’ सीटीच्या तारेला टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) लावला, ०.७५ अँपिअर. सीटी होती ४०० ला १, म्हणजे ०.७५ गुणिले ४००, तीनशे. मीटर खरा होता. कुणीतरी शेजारच्या बेची, म्हणजे दुसऱ्या फीडरच्या खणाची, सेटिंगची फाइल उचलून या रिलेत जशीच्या तशी टाकली होती, आणि शेजारची सीटी होती ८०० ला १. सेटिंग ५०० वर, रिलेला दिसतात ६००. तो बिचारा त्याचं काम चोख करत होता. तारेत दोष नव्हता, रिलेत नव्हता, तो एका फाइलमधल्या एका आकड्यात होता. असा दोष शोधायला सीटी समजावी लागते आणि रिले आकडे कसे वाचतो तेही. दोन्ही समजणारं माणूस अजूनही शोधावं लागतं, हे मी निवृत्त होताना बघून आले.

हीच गोष्ट देशाच्या मापात घडली आहे. ३० जुलै २०१२, रात्री २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बीना ते ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाइनचा रिले पडला. जोडीची दुसरी लाइन कामासाठी बंद होती, म्हणून सगळा भार हिच्यावर आलेला. लाइनवर दोष कुठलाच नव्हता. अंतर मोजणारा रिले व्होल्टेज भागिले प्रवाह करतो आणि उत्तर लहान आलं की जवळपास कुठेतरी शॉर्ट आहे असं समजतो. गणित तूच कर : ४०० केव्हीवर ५०० एमव्हीए भार असेल तर ४०० चा वर्ग भागिले ५००, ३२० ओहम. व्होल्टेज ३८० वर उतरलं आणि भार १२०० झाला तर १२० ओहम. भार वाढतो, व्होल्टेज उतरतं, दोन्ही मिळून उत्तर खाली खाली येतं आणि एका क्षणी झोन ३ च्या, म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोषांसाठी आखलेल्या टप्प्याच्या, रेषेच्या आत शिरतं. रिलेला भार हाच दोष वाटला. त्या एका ट्रिपिंगनंतर उत्तरेकडची अख्खी ग्रिड गेली, सुमारे ३६,००० मेगावॉट. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तीच लाइन, पुन्हा झोन ३, आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही. साधारण ४८,००० मेगावॉट भार गेला. पश्चिमेची ग्रिड वाचली, म्हणून तुमच्या सांगलीत दिवे चालू होते.

तेव्हा तिघी मिळून एक करा. टाँग टेस्टरसारखी उघडणारी छोटी सीटी मिळते, ती आणा, तिच्यावर बर्डन रेझिस्टर (प्रवाहाचं मोजण्याजोगं व्होल्टेज करणारा) लावा, आर्डुइनोच्या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडा आणि वर सांगितलेलं वीस नमुन्यांचं गणित त्यात लिहा. दुप्पट प्रवाहाला दहा सेकंदांत एलईडी लागला की तुमचा रिले झाला. प्रोटेक्शनचं प्रॅक्टिकल, डीएसपीचा असाइनमेंट आणि सातव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट, तिन्ही त्यातच.

सरांचं म्हणाल तर एचओडींना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विचारलेलं कॉलेजात हवेत जातं. वर्ग नाहीच चालवला तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. परीक्षेपुरतं पॉवर क्वालिटी घ्या आणि डीएसपी तिथून शिका. ईव्हीला मी नावं ठेवत नाही. बॅटरी मॅनेजमेंट नीट शिकवणारा माणूस असेल तर तो सोन्यासारखा विषय आहे. गाड्यांच्या माहितीपत्रकांचं वाचन होणार असेल तर मात्र चाळीस तास घरी झोप काढलेली बरी.

प्रश्न : आमची मुलगी मेलबर्नला मोनॅश विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या विभागाचं नाव ‘इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर सिस्टिम्स इंजिनीअरिंग’. नातेवाईक विचारतात, मुलगी इलेक्ट्रिकलला आहे की कॉम्प्युटरला? ती फोनवर ‘दोन्ही’ म्हणते आणि चिडते. यंदा तिनं पॉवर सिस्टिमचा एक आणि एम्बेडेड सिस्टिमचा (यंत्राच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकांचा) एक असे विषय घेतलेत. यांचा एकमेकांशी संबंध काय? स्थळांसाठी बायोडेटा करायचाय, त्यात काय लिहावं? — एक आई, नाशिक

उत्तर : वहिनी, विभागाचं पूर्ण नाव लिहा, बायोडेटात गोत्र आणि मामाचं कूळ मावतं तर हेही मावेल.

संबंधाचं विचाराल तर तिच्या शेजारच्याच राज्यातलं उदाहरण देते. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात मोठं वादळ झालं. विजेचे मनोरे आडवे झाले, लाइन्सवर एकामागून एक दोष आले आणि दोन मिनिटांच्या आत व्होल्टेजनं सहा वेळा गटांगळी खाल्ली. तिथे पवनचक्क्या खूप, आपल्या साताऱ्याकडच्या वनकुसवड्याच्या पठारावर आहेत तशा. पवनचक्कीत एक कंट्रोलर असतो. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी तग धरायचा, सुटायचं नाही, असं त्याला शिकवलेलं असतं. पण दोन मिनिटांत किती वेळा तग धरायचा, यालाही त्या सॉफ्टवेअरमध्ये एक मर्यादा घातलेली होती. ठरावीक गटांगळ्या झाल्या आणि चक्क्यांनी हात वर केले. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गेले. ती तूट सगळी व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूडच्या जोडणीवर आली, तिला ती पेलवली नाही, तीही सुटली. तिथल्या घड्याळात दुपारी ३ वाजून ४८ मिनिटांनी सगळं राज्य अंधारात, साडेआठ लाख ग्राहक. ग्रिड चालवणाऱ्यांच्या मॉडेलमध्ये ती मर्यादा धरलेलीच नव्हती.

मनोरे पडले ते इलेक्ट्रिकल. चक्क्या सुटल्या ते कॉम्प्युटर. दिवे गेले ते कुणाच्या खात्यात टाकायचे? पुढच्याच वर्षी त्याच राज्यात हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली, आणि तिथेही सेकंदाच्या छोट्याशा भागात वीज सोडायची की ओढायची हे सॉफ्टवेअरच ठरवतं. तुमच्या मुलीनं हे दोन विषय जोडीनं घेतले, म्हणजे तिनं विचार करून घेतलेत. फोनवर तिला यातलं ‘हेवूड’ एवढंच विचारून बघा, चिडायची थांबेल.

स्थळांबद्दल मला विचारू नका. माझ्या स्वतःच्या बायोडेटात वडिलांनी ‘वीज मंडळात कारकुनी’ असं लिहिलं होतं. मुलगी उपकेंद्राच्या यार्डात चढते हे कळलं तर लग्न मोडेल म्हणून.

प्रश्न : मॅडम, मी अंबाजोगाईचा. कंट्रोल सिस्टिमची केटी दुसऱ्यांदा राहिली आणि आता शेवटच्या वर्षी डिजिटल कंट्रोल समोर आलंय. नायक्विस्टचा तो गोल कुठे लागतो? घोकंपट्टीवर सुटेल का?

उत्तर : सुटेल. ही कबुली एक्सटर्नलनं द्यायची नसते, पण सुटेल. डिजिटल कंट्रोल मात्र नाही सुटणार, म्हणून वाच.

तुझ्या भागात साखर कारखाने आहेत, तेव्हा तिथलंच सांगते. एका कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात मी रिलेच्या कामाला गेले होते. कंट्रोल रूममध्ये मेगावॉटच्या मीटरचा काटा पाळण्यासारखा हलत होता. दहा, बारा, दहा, बारा, चारेक सेकंदांचा एक झोका. शिफ्टवाला म्हणाला, ‘मॅडम, दोन दिवस असाच झुलतोय, कारखाना चालू आहे म्हणून हात लावला नाही.’ गव्हर्नरची (वाफ कमी-जास्त करून टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राची) सेटिंगं दोघा-तिघांनी फिरवून झाली होती. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरनं गव्हर्नर आणि वाफेच्या व्हॉल्व्हच्या मधल्या दांड्याला हात लावला आणि सांध्यातली पिन बोटानं हलवून दाखवली. झिजलेली. गव्हर्नर ‘वाफ कमी कर’ म्हणायचा, दांडा आधी तो ढिलेपणा भरून काढायचा, मग व्हॉल्व्ह हलायचा. तोवर भार उलट्या बाजूला गेलेला असायचा. पिन बदलली, काटा थांबला.

पाळण्याला झोका द्यायची वेळ चुकली तर पाळणा थांबतो किंवा भलताच उंच जातो, तसं आहे हे. दुरुस्ती उशिरा पोचली, एवढी उशिरा की ती उलटी लागू झाली, आणि वर ती पुरेशी जोरातही आहे, की मग झुलणं आलंच. ‘एवढी उशिरा’ म्हणजे १८० अंश आणि ‘पुरेशी जोरात’ म्हणजे १ पट. नायक्विस्टच्या कागदावर या दोन्ही गोष्टी मिळून जो ठिपका होतो तोच तुझा वजा एक. तुझा वळसा त्या ठिपक्याला किती जवळून जातो, एवढंच बघायचं असतं. नायक्विस्ट मूळचा स्वीडनचा, अमेरिकेत टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करायचा. त्याला गव्हर्नरशी घेणंदेणं नव्हतं. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवरचे ॲम्प्लिफायर शिट्ट्या का मारतात हे त्याला हवं होतं, १९३२ मध्ये त्यानं ते मांडलं. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर नेला की कुंई होतं, तीच शिट्टी.

आता डिजिटल कंट्रोल. इथे झिजलेली पिन वेगळी आणावी लागत नाही, ती प्रोसेसरबरोबर फुकट येते असं समज. तो दर १०० मिलिसेकंदांनी एकदाच बघतो आणि पुढच्या वेळेपर्यंत तेच उत्तर धरून ठेवतो. सरासरी ५० मिलिसेकंद उशीर इथेच झाला. तुझी यंत्रणा सेकंदाला दोन झोके घेणारी असेल, म्हणजे झोका ५०० मिलिसेकंदांचा, तर त्यातले ५० म्हणजे ३६ अंश. कागदावर ४५ अंशांची फेज मार्जिन, म्हणजे त्या १८० ला पोचायच्या आधीची मोकळीक, काढून खूश झाला असशील, त्यातले ९ उरले. हे एक गणित हातानं तीनदा कर, सॅम्पलिंग १००, ५० आणि १० मिलिसेकंद धरून. अर्धा विषय तिथेच उलगडेल. उरलेल्या अर्ध्यासाठी झेड ट्रान्सफॉर्म आहेच, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ताई, पुण्यात ईएनटीसीला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये मीच एकटा काम करतो. बाकीचे म्हणतात, बुधवार पेठेतून तयार प्रोजेक्ट घेऊ, ब्लॅकबुकसकट (छापील अहवालासकट) मिळतो. शिवाय गाइड म्हणतात प्रोजेक्टमध्ये आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) घाला, वजन येतं. घालू का? आणि प्रायॉरिटी इन्व्हर्जन काय असतं, पुस्तकातली व्याख्या कळत नाही.

उत्तर : तिथल्याच तापकीर गल्लीतून सुटे भाग आण, प्रोजेक्ट आणू नकोस. विकत घेतलेला प्रोजेक्ट आम्हाला पहिल्या दोन मिनिटांत कळतो, कारण तो चालतो. (थोडी गंमत, पण थोडीच.) एकदा एका ग्रुपच्या ब्लॅकबुकमध्ये मधल्याच एका पानाच्या माथ्यावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव राहिलं होतं. मी पान उघडून समोर ठेवलं आणि काही बोलले नाही. चौघांपैकी कुणीच बोललं नाही.

उलट एका ग्रुपचा पंप कंट्रोलर ओरलच्या दिवशी दर वेळी रिले पडला की रिसेट व्हायचा. पोरांनी वहीत सतरा वेळांची नोंद ठेवली होती : रिले चालू होताना नाही, बंद होताना होतं, सप्लाय वेगळा दिला तर कमी होतं. कॉइलला उलटा डायोड लावलेला नव्हता, एक १एन४००७, अगदी चिल्लर गोष्ट. मी बॅगेतला काढून दिला, त्यांनी तिथल्या तिथे डाग दिला, पंप चालला. त्या पोरांना मी किती मार्क दिले ते इथे छापत नाही, विद्यापीठ पत्र पाठवेल.

आरटीओएस वजनासाठी घालू नकोस. एकाच वेळी दोन-तीन कामं वेळेत व्हायलाच हवीत, अशी गरज असेल तर घाल. एलईडी लुकलुकवायला लागत नाही.

प्रायॉरिटी इन्व्हर्जन मंगल कार्यालयात समज. कोठीची किल्ली एकच. एक पोऱ्या ती घेऊन आत मीठ आणायला गेला. आचाऱ्याला तूप हवंय, त्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, पण किल्ली येईपर्यंत तो थांबणार. मध्येच नवरदेवाचे काका येतात, पोऱ्याला पकडतात आणि खुर्च्या लावायला पाठवतात. काकांचा हुकूम पोऱ्याच्या मिठापेक्षा मोठा, म्हणून पोऱ्या जातो, किल्ली खिशात. काकांचं आचाऱ्याशी भांडण नाही, कोठीशी काही काम नाही, तरी पंगत अडली. इलाज असा : किल्ली ज्याच्या खिशात, त्याला तेवढ्यापुरता आचाऱ्याचा मान. काकांनी त्याला हात लावायचा नाही. याला प्रायॉरिटी इन्हेरिटन्स म्हणतात.

हे मंगळावर झालंय. ४ जुलै १९९७ ला उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपोआप रिसेट व्हायला लागलं. हवामान मोजणारं छोटं काम पोऱ्या, माहितीची बस सांभाळणारं मोठं काम आचारी, आणि मधली कामं म्हणजे काका. आचाऱ्याचं काम वेळेत झालं नाही की वॉचडॉग, म्हणजे राखण करणारा टायमर, सगळी यंत्रणा पुन्हा सुरू करायचा. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तसंच दुसरं यंत्र ठेवलेलं होतं, त्यावर चूक पुन्हा घडवून पकडली. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये इन्हेरिटन्सची सोय होतीच, त्या किल्लीसाठी ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून एक बदल पाठवला आणि काम झालं. ओरलला हे सांगशील तेव्हा मंगळ सांग, मंगल कार्यालय नको. सगळेच एक्सटर्नल माझ्यासारखे नसतात.

आणि त्या तिघांचं. कामाची वही ठेव, तारखेसकट, कुणी काय केलं ते लिही. भांडू नकोस, वही फक्त गाइडसमोर दर पंधरा दिवसांनी सहीसाठी ठेव.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. दहावीपर्यंत मराठी माध्यम. विषय समजतो, पण ओरलला इंग्रजीत तोंड उघडत नाही. मागच्या वेळी ‘सीटी सेकंडरी उघडी का ठेवू नये’ विचारलं, मला माहीत होतं, तरी गप्प बसलो.

उत्तर : बाबा रे, यार्डात गेलास की बघशील, तिथे सगळं मराठीच चालतं. फ्लॅग पडला, लाइन चार्ज केली, परमिट घेतलं, अर्थिंग मारलं. निम्मे शब्द इंग्रजी आणि क्रियापदं आपली. तू ओरलला तसंच बोलायला लाग. तांत्रिक शब्द इंग्रजीत, बाकी मराठीत, आणि सुरुवातीलाच विचार, ‘सर, मराठीत सांगू का?’ मी तरी आजवर नाही म्हटलेलं नाही.

सीटीचं उत्तर असं दे. सीटी हट्टी असते. मुख्य तारेतून जेवढा प्रवाह, त्या प्रमाणात ती इकडे, सेकंडरीत, प्रवाह ढकलणारच. वाट बंद केली तरी ती ढकलणं थांबवत नाही, वाट मिळवायला व्होल्टेज वाढवत जाते, हजारांत. गाभा तापतो, इन्सुलेशन जातं आणि जवळ हात असेल तर हातही. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी सीटीच्या वाटेतली एक लिंक (जोडपट्टी) आधी शॉर्ट न करता उघडली होती. पापड भाजल्यासारखा आवाज आला, निळी ठिणगी लिंकच्या दोन टोकांमध्ये लोंबत राहिली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या हेल्परनं मला खांद्याला धरून ओढलं. त्याला इंग्रजीत ‘ओपन सेकंडरी’ म्हणता येत नव्हतं. तो ओरडला ते इथे छापता येणार नाही.

ओरलची तारीख आली की हे उत्तर मोठ्यानं दोनदा म्हणून जा. आणि तुमच्या कॉलेजात एक्सटर्नल म्हणून नेमकी मीच आले, तर हे पत्र तू लिहिलंस असं सांगू नकोस. मला दुसरा प्रश्न विचारावा लागेल.